लिलावाची वार्ता कोणी कोणास सांगावी?

जुन्या वस्तूंच्या बाजारात एक अलिखित रीत आहे. पुण्याचा जुना बाजार असो की मुंबईचा चोरबाजार असो, ढिगाऱ्यातून एखादे नाणे, एखादी तबकडी किंवा एखादा अडकित्ता कोणी उचलून हाती घेतला, म्हणजे तो खाली ठेवीपर्यंत शेजारच्या जाणत्या गिऱ्हाइकाने त्याची किंमत विचारावयाची नाही. वस्तू कितीही मोलाची दिसो, मनाची कितीही तळमळ होवो, हात मागे ठेवावयाचा. पहिल्याने ती परत ढिगात टाकली की दुसऱ्याचा अधिकार सुरू होतो. हा नियम कोणत्याही कायद्यात नाही आणि तो मोडणाऱ्यास दंडही नाही. तरीपण तो मोडणाऱ्याशी पुढच्या रविवारी कोणी मोकळेपणाने बोलत नाही, आणि छंदी माणसास ही शिक्षा थोडी नव्हे.

हा नियम टिकला तो एका साध्या गोष्टीच्या आधारावर. वस्तू एका वेळी एकाच्याच हातात असू शकते. ऑनलाइन लिलावात नेमका हाच आधार नाहीसा झाला आहे. तेथे वस्तू कोणाच्याच हातात नसते आणि सर्वांच्या डोळ्यांपुढे असते. ती आधी कोणी पाहिली, कोणाचे मन तिच्यावर बसले, कोण मनातल्या मनात पैशांची जुळवाजुळव करीत आहे, हे कळावयास मार्गच नाही. त्यामुळे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत संग्राहकांच्या मंडळींत एक नवा प्रश्न उभा राहिला आहे, आणि त्यावरून चांगल्या स्नेह्यांत अबोला धरण्यापर्यंत पाळी येते. प्रश्न असा की, चालू असलेला एखादा लिलाव आपल्या दृष्टीस पडला, तर त्याचा दुवा चारचौघांत जाहीर करावा की मुदत संपेपर्यंत मौन धरावे?

बाहेरच्या माणसास हा वाद पोरकट वाटेल. लिलाव म्हणजे दवंडी पिटून केलेली विक्री. जी वस्तू साऱ्या जगापुढे मांडली आहे तिची वार्ता सांगण्यात गुन्हा तो कसला, असे तो विचारील. परंतु या लिलावांचे गणित एकदा उमगले, म्हणजे वाद पोरकट राहत नाही.

ऑनलाइन लिलावाचा इतिहास फार लांबचा नाही. १९९५ साली पिएर ओमिड्यार या तरुणाने अमेरिकेत जे संकेतस्थळ उघडले, तेच पुढे ईबे या नावाने प्रसिद्ध झाले. त्यावर प्रथम विकली गेलेली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर. त्याचे १४ डॉलर ८३ सेंट आले. मोडकी वस्तू विकत घेणाराही जगात कोठेतरी असतोच, हे त्या दिवशी सिद्ध झाले आणि संग्राहकांचे जग पालटले. ईबेची हिंदुस्थानातील स्वतंत्र शाखा २०१८ साली बंद पडली. पण तोवर येथील नाण्यांचे, तिकिटांचे व चित्रांचे व्यापारीही आपापले लिलाव ऑनलाइन भरवू लागले होते, आणि परदेशच्या लिलावांत येथून बोली लावणे ही तर नित्याची गोष्ट झाली होती.

आता गणित पाहू. बोलीला जुन्या मराठीत 'सवाल' म्हणत. मंडपातल्या लिलावात सवाल मोठ्याने पुकारला जाई, आणि 'एक वार, दोन वार, तीन वार' झाले की हातोडा पडे. ऑनलाइन लिलावात बहुधा असे होत नाही. आपण जास्तीत जास्त किती देऊ, तो आकडा यंत्रास गुपचूप सांगून ठेवावयाचा. मग यंत्र आपल्या वतीने, समोरच्यावर मात करण्यापुरतीच, पायरीपायरीने बोली वाढवीत राहते. याचा परिणाम असा की जिंकणारा स्वतःचा आकडा भरीत नाही. त्याच्या खालोखाल जो आकडा असेल त्याहून एक पायरी वर, एवढेच त्यास द्यावे लागते. विल्यम व्हिक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली या पद्धतीची मीमांसा केली व १९९६ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले; परंतु गंमत अशी की टपाल तिकिटांचे व्यापारी ही पद्धत एकोणिसाव्या शतकातच वापरीत होते. १८९३ साली मॅसॅच्युसेट्समधील अशाच एका पेढीने टपालाने आलेल्या बोलींसाठी ती योजली होती. पंडितांच्या आधी छंदिष्टांस सुचलेल्या ज्या थोड्या गोष्टी जगात आहेत, त्यांपैकी ही एक.

समजा, नगरच्या एका घराण्याने आजोबांच्या पेटीतील तांब्याची चाळीस नाणी 'जुनी नाणी, एकत्र' एवढ्याच वर्णनाने विक्रीस मांडली आहेत. छायाचित्र अंधुक आहे. सामान्य पाहणाऱ्यास ती चाळीस मळकी चकती दिसतात. एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी अक्षरे असलेली शिवराई पुष्कळांस ओळखता येते. ती पेशवाई संपल्यावरही कितीतरी वर्षे बाजारात चालत होती आणि आजही दुर्मिळ नाही. परंतु अक्षरांच्या वळणावरून, ठिपक्यांच्या मांडणीवरून शिवराईचे जे अनेक प्रकार पडतात, त्यांतील एखादा विरळा प्रकार त्या ढिगात आहे, हे अंधुक चित्रावरून ओळखावयास वीस वर्षांचा अभ्यास लागतो. असा एक अभ्यासू तो ढीग पाहतो व यंत्रास ६,००० रुपयांचा आकडा सांगून ठेवतो. दुसरा कोणी मोडीच्या हिशेबाने १,१०० सांगतो. पायरी ५० रुपयांची असेल, तर लिलाव १,१५० रुपयांस सुटेल.

आता याच वेळी एखादा उत्साही स्नेही तो दुवा सर्वांस धाडून लिहितो, 'मंडळी, हे पाहिलेत काय? उजवीकडचे तिसरे नाणे पाहा!' त्याचा हेतू निर्मळ असेल; ज्ञानाचा आनंद एकट्याने भोगवत नाही, हा तर माणसाचा चांगला गुण. पण त्याच्या दोन ओळींनी आणखी एक जाणता जागा होतो व ५,५०० चा आकडा सांगून ठेवतो. पहिला अभ्यासू तरीही जिंकेल. मात्र ५,५५० रुपये मोजून. एका संदेशाची किंमत ४,४०० रुपये झाली. दहा जण जागे व्हावे लागत नाहीत, एकच पुरतो. म्हणून संग्राहकांच्या शिष्टाचारात हा नियम इतका कडक झाला आहे, की चालू लिलावाचे नावही चारचौघांत काढू नये, निदान मुदत संपेपर्यंत तरी.

या मौनाचा आणखी एक पुरावा विद्वानांच्या शोधात सापडतो. आल्विन रॉथ व आक्सेल ऑकेन्फेल्स या दोघांनी २००२ साली ईबे व ॲमेझॉन या दोन ठिकाणच्या तत्कालीन लिलावांची तुलना प्रसिद्ध केली. ईबेवर लिलाव ठरल्या क्षणी बंद होत असे. ॲमेझॉनवर शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली तर मुदत आपोआप वाढे. ईबेवर शेवटच्या काही मिनिटांत बोलींची झुंबड उडे, ॲमेझॉनवर ती फारशी दिसत नसे. आणि विशेष म्हणजे, ही झुंबड संगणकांपेक्षा पुराणवस्तूंच्या लिलावांत अधिक होती. कारण उघड आहे. संगणकाची किंमत सर्वांस ठाऊक असते. जुन्या वस्तूची किंमत जाणत्यासच ठाऊक असते, आणि म्हणून जाणत्याची नुसती बोली हीच मोठी बातमी ठरते. आरंभीच्या काळात बोली लावणाऱ्याचे टोपणनाव सर्वांस दिसे, तेव्हा काही मंडळी स्वतः काही न पाहता एखाद्या ख्यातनाम संग्राहकाच्या मागे मागे जात आणि तो जेथे बोली लावी तेथे त्याच्यावर पन्नास रुपये चढवीत. पुढे ती नावे झाकण्यात आली, तेव्हा अनेक अभ्यासूंनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. यंत्राने नावे झाकावी आणि स्नेह्यांनी ती उघडी करावी, यास काय म्हणावे!

गवगव्याने किंमत कशी चढते याचा जुना दाखला लंडनमध्ये १८१२ साली घडला. रॉक्सबर्गच्या ड्यूकच्या ग्रंथसंग्रहाचा लिलाव होता. त्यातील १४७१ साली छापलेल्या बोकाचिओच्या एका प्रतीचा बोलबाला आधीपासून इतका झाला होता की त्या दिवशी सभागृहात उमरावांची दाटी झाली. अर्ल स्पेन्सर व मार्क्विस ऑफ ब्लॅन्डफर्ड यांच्यात चुरस लागली आणि ब्लॅन्डफर्डने ती प्रत २,२६० पौंडांस घेतली. एका ग्रंथास एवढी किंमत पुढे कित्येक दशके कोणी दिली नाही. सात वर्षांनी, १८१९ साली, ब्लॅन्डफर्डचे दिवस फिरले, त्याचा स्वतःचा संग्रह लिलावात निघाला, आणि तीच प्रत स्पेन्सरला ९१८ पौंडांच्या आसपास मिळाली. ग्रंथ तोच, पाने तीच. कमी झाली होती ती केवळ सभागृहातील गर्दी.

वस्तू हाती आल्यावरदेखील बोलण्याची घाई महाग पडते, हे टपाल तिकिटांच्या इतिहासात दिसते. १९१८ साली वॉशिंग्टनमध्ये विल्यम रोबी याने २४ सेंटांच्या विमानटपाल तिकिटांचा शंभरांचा ताव घेतला; त्यावरील विमान उलटे छापले गेले होते. त्याने खिडकीवरच्या कारकुनास ते दाखविले मात्र, आणि थोड्याच वेळात टपाल खात्याचे निरीक्षक त्याचा शोध घेत आले. त्याने ताव दिला नाही, आठवड्याच्या आत तो १५,००० डॉलरांस विकला, आणि आज त्यातील एकेका तिकिटासाठी लाखो डॉलर मोजले जातात. १९६२ सालचा दुसरा संग्राहक इतका सुदैवी नव्हता. डाग हॅमरशोल्ड यांच्या स्मरणार्थ निघालेल्या चार सेंटांच्या तिकिटाच्या तावात पिवळा रंग उलटा पडल्याचे त्यास आढळले व त्याने तो शोध आनंदाने जाहीर केला. अमेरिकेच्या पोस्टमास्तर जनरलने हुकूम सोडला की तीच चूक मुद्दाम करून आणखी चार कोटी तिकिटे छापावीत. दुर्मिळता एका दिवसात धुळीस मिळाली. हे दोघे तर वस्तूचे धनी होते. जो अद्याप धनी झालेला नाही त्याने बोलणे किती जोखमीचे, हे निराळे सांगावयास नको.

तथापि सर्व बोलणे सारखे नव्हे. येथे पहिला विचार असा करावयाचा की शोध कोणाचा? ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी लिलाव हुडकला त्याने तो साऱ्या जगास सांगितला तर तो स्वतःचीच संधी वाटून टाकीत आहे. त्यास उधळ्या म्हणता येईल, असभ्य म्हणता येणार नाही. 'आम्हीही तो पाहिला होता, तुम्ही आमचा घात केला,' अशी जी ओरड अशा वेळी होते, तिच्यात निराशा पुष्कळ असली तरी हक्क फारसा नाही. उघड्या मैदानात दिसलेल्या वस्तूवर मनातल्या मनात नाव कोरून ठेवणाऱ्यास, दुसऱ्याने तिच्याकडे बोट दाखविल्याचा राग धरता येत नाही. परंतु एखाद्या स्नेह्याने विश्वासाने 'हे पाहा, मी यावर बोली लावणार आहे' म्हणून दाखविले, आणि ऐकणाऱ्याने तो दुवा पुढे धाडला, तर ते दुसऱ्याच्या शोधावर उदार होणे झाले. दुसऱ्याच्या पानातला लाडू वाटण्यात औदार्य नसते. दुवा न देता नुसते चित्र धाडले तर चालेल, अशी पळवाट काही जण काढतात. पण चित्रावरून मूळ पान हुडकून देणारी साधने आज प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहेत; तेव्हा दुवा झाकून चित्र दाखविणे म्हणजे दार लावून कडी न घालणे होय.

सर्वांत नाजूक प्रसंग सल्ल्याचा. नवशिक्या संग्राहकास एखादा होन विक्रीस दिसतो. शिवछत्रपतींचा सोन्याचा होन अत्यंत विरळा, आणि म्हणूनच नकली होनांचा सुळसुळाट मोठा. तो बिचारा धडपडत एखाद्या वडीलधाऱ्या तज्ज्ञाकडे चित्र पाठवून विचारतो, 'काका, हा खरा आहे का?' तज्ज्ञ पाहतो, आणि त्याच्या ध्यानात येते की नाणे खरे आहे. यापुढे त्याने स्वतः त्या लिलावात उतरावे काय? कायदा त्यास अडवीत नाही. वस्तू सर्वांस खुली आहे, आणि उद्या ती त्यास स्वतःही दिसली असती. असे असूनही जुन्या संग्राहकांचा दंडक येथे निःसंदिग्ध आहे: ज्याने विचारले तो माघार घेईपर्यंत ज्यास विचारले त्याने बोली लावू नये. आणि हा दंडक केवळ सौजन्याचा नाही, व्यवहाराचाही आहे. तज्ज्ञ आपल्या प्रश्नावरून शिकार करतो अशी वदंता एकदा पसरली, म्हणजे नवशिके विचारावयाचे थांबतात. ते विचारावयाचे थांबले म्हणजे नकली नाणी खपू लागतात. त्या तज्ज्ञास आधीपासूनच त्या लिलावाची माहिती असेल व त्यात उतरण्याचा त्याचा मानस असेल, तर त्याने तसे तत्काळ सांगावे व मत देण्याचे टाळावे. 'मला ठाऊक आहे, पण मी यात आहे,' एवढे सात शब्द पुरेत. त्यांनी मैत्री वाचते.

येथवर मौनाची बाजू झाली. पण हेच मौन आणखी एक पाऊल पुढे गेले की त्याचे रूप पालटते, आणि हे पाऊल इतके लहान असते की टाकणाऱ्यास ते कळतही नाही. एक जण मंडळींत जाहीर करतो, 'हा लिलाव मी घेत आहे, कृपया कोणी बोलू नये.' दुसरा म्हणतो, 'बरे, मागच्या खेपेस तुम्ही माझ्यासाठी थांबलात, या खेपेस मी थांबतो.' ऐकावयास हे किती सालस वाटते! पण इंग्लंडात व्यापाऱ्यांच्या टोळ्या नेमके हेच करीत. लिलावात एकमेकांवर चढावयाचे नाही, वस्तू एकाने स्वस्तात घ्यावयाची, आणि नंतर जवळच्या खाणावळीत आपसांत दुसरा, खरा लिलाव करून नफा वाटून घ्यावयाचा. हा प्रकार इतका बोकाळला की १९२७ साली ब्रिटिश पार्लमेंटला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला; बोली न लावण्याबद्दल दुसऱ्यास मोबदला देणे हा व्यापाऱ्यासाठी गुन्हा ठरला. आपल्याकडे १९३० च्या मालविक्री कायद्यात विक्रेत्याच्या लबाडीचा विचार आहे: किंमत चढविण्यासाठी त्याने खोट्या बोली लावविल्या, तर ग्राहकास ती विक्री रद्द करून घेता येते. आणि संगनमताने बोली लावण्यास २००२ च्या स्पर्धा कायद्यात मज्जाव आहे. छंदी माणसे म्हणजे काही व्यापारी टोळी नव्हे, हे खरे. परंतु प्रत्येकाने आपापल्या मनाशी गप्प राहणे वेगळे आणि दहा जणांनी ठरवून गप्प राहणे वेगळे. स्नेह्यासाठी माघार घ्यावीशी वाटली तर ती न सांगता घ्यावी, आणि तिची परतफेड मागू नये.

या साऱ्या खटपटीत एक माणूस नेहमी विसरला जातो. वरील उदाहरणात ४,४०० रुपये अभ्यासूच्या खिशातून गेले असे म्हटले, ते गेले कोठे? ते नगरच्या त्या घराण्याकडे गेले. संग्राहक ज्यास 'घात' म्हणतात, तो विक्रेत्याच्या दृष्टीने न्याय असतो. पेटी विकणारी बहुधा घरातील एखादी वृद्ध स्त्री असते किंवा परगावी राहणारा नातू असतो. घर रिकामे करावयाचे असते, औषधपाण्याचा खर्च असतो, आणि आजोबांनी त्या चकत्यांत काय पाहिले हे त्यांच्याबरोबरच गेलेले असते. अशा घराच्या अज्ञानावर मिळविलेला नफा अभ्यासाचे बक्षीस आहे, असे म्हणण्यात अर्धे सत्य आहे. अभ्यासूने तो अंधुक ढीग ओळखला नसता तर ते नाणे कदाचित मोडीत जाऊन वितळले असते. त्याच्या डोळ्यांनीच ते वाचले. पण उरलेले अर्धे असे की विक्रेत्याने संदेश पाठवून सरळ विचारले, 'यात काही विशेष आहे का हो?' तर त्यास 'नाही' असे उत्तर देणे हे मौन नव्हे. ती लबाडी आहे. उत्तर द्यावयाचे नसेल तर न द्यावे. खोटे उत्तर देऊन नंतर बोली लावणाऱ्यास कोणत्याही संग्रहाचा मोठेपणा झाकू शकणार नाही.

श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी अशी पेटी असेल त्यांच्यासाठी येथे थोडे विषयांतर करावयास हरकत नाही. नाणी चिंचेने किंवा राखेने घासून लखलखीत करू नयेत. त्याने किंमत वाढत नाही, उतरते. प्रत्येक नाण्याची दोन्ही बाजूंची छायाचित्रे उजेडात घ्यावीत, वजन ग्रॅममध्ये लिहावे, आणि विक्रीपूर्वी निदान दोन निरनिराळ्या जाणत्यांस दाखवावे, एकमेकांशी संबंध नसलेल्या. त्याखाली लिलाव सुटू नये अशी किमान किंमत ठरविण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. तिचा उपयोग करावा. वर्णन नीट असले म्हणजे संग्राहकांचे मौन आपोआप निष्प्रभ होते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंस १९७२ चा पुराणवस्तू कायदा लागू असून त्या देशाबाहेर पाठविण्यास खाजगी माणसास बंदी आहे, हेही ध्यानात ठेवावे. परदेशातील गिऱ्हाइकाने कितीही मोठा आकडा सांगितला, तरी त्या मोहात पडू नये.

मौनाचा नियम जेथे मुळीच लागू नाही, असे प्रसंग आहेत. वस्तू नकली असेल, चोरीची असेल किंवा मंदिरातून अथवा संग्रहालयातून नाहीशी झालेली असेल, तर गप्प बसणे म्हणजे शिष्टाचार नव्हे. मात्र तेथेही बोलावे कोणापाशी, याचा विवेक हवा. खात्री नसता 'हा चोर, हा ठक' म्हणून चारचौघांत नाव घेणे सोपे असते, आणि चूक निघाली तर निस्तरणे कठीण. प्रथम लिलाव भरविणाऱ्या संस्थेस, आणि प्रकरण गंभीर असल्यास पोलिसांस व पुरातत्त्व खात्यास कळवावे. २०२५ साली या बाबतीत दोन ठळक घटना घडल्या. पिप्रहवा येथे १८९८ साली बुद्धाच्या अस्थींबरोबर सापडलेली रत्ने मे महिन्यात हाँगकाँगमध्ये सदबीज या संस्थेच्या लिलावात निघावयाची होती. वार्ता पसरली, जगभरच्या बौद्धांत व अभ्यासकांत ओरड झाली, भारत सरकारने नोटीस धाडली, आणि लिलाव स्थगित झाला. जुलैअखेर ती रत्ने भारतात परत आली. तेथे मौनाने घात झाला असता.

दुसरी घटना आपल्या जवळची आहे, आणि तिचा बोध उलट दिशेने जातो. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक पहिले रघुजीराजे यांची तलवार त्याच वर्षी एप्रिलच्या २९ तारखेस लंडनमध्ये त्याच संस्थेच्या लिलावात निघत असल्याचे आदल्या दिवशी वर्तमानपत्रांतून समजले. महाराष्ट्र सरकारने गाजावाजा न करता एका मध्यस्थामार्फत बोली लावली आणि वाहतूक-विम्यासह सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांत ती तलवार मिळविली. ऑगस्टमध्ये ती मुंबईस आली. सरकार स्वतः बोली लावीत आहे असे आधी जाहीर झाले असते, तर चढाओढ कोठवर गेली असती याची कल्पना कोणासही करता येईल. वार्ता फुटली म्हणून सरकारास कळले, आणि सरकारचा बेत फुटला नाही म्हणून तलवार परवडली. एकाच दिवसाच्या अंतरात जाहीरपणा व मौन या दोघांनीही आपापले काम केले.

हातोडा पडल्यावर मात्र मौनाचे प्रयोजन संपते, आणि येथे संग्राहक मंडळी नेमकी उलट वागतात. लिलाव चालू असता ज्यास बोलल्यावाचून राहवत नाही, तोच वस्तू घरी आल्यावर तिजोरीस कुलूप घालून बसतो. वास्तविक सांगण्याची वेळ तीच. संकेतस्थळांवरील संपलेल्या लिलावांची पाने काही काळाने दिसेनाशी होतात आणि त्यांबरोबर एखाद्या विरळ्या नाण्याचे एकुलते एक छायाचित्रही नाहीसे होते. म्हणून जिंकणाऱ्याने दोन्ही बाजूंची चित्रे, वजन, व्यास, विक्रीची तारीख व दिलेली किंमत ही सर्व टिपून अभ्यासकांपुढे ठेवावी. हरलेल्यांनी त्यास किंमत विचारली तर ती खरी सांगावी. 'केवळ अमुक रुपयांत उडविले!' अशी फुशारकी मात्र मारू नये. ज्यांनी ते विकले ते लोकही वाचतात, आणि आजोबांची पेटी दुसऱ्यांदा विकता येत नाही. काही संग्राहक अशा वेळी विक्रेत्यास पत्र लिहून वस्तू काय होती ते कळवितात, आणि थोडे अधिक पैसेही धाडतात. काहींच्या मते हा भाबडेपणा आहे. टिपण प्रसिद्ध करताना विक्रेत्याचे नाव व गाव गाळावे, याविषयी मात्र दोन्ही पक्षांत मतभेद नाही.